विश्लेषण : लायसन्स देणाऱ्याने नियमच बदलले तर? कपाशीच्या पाकिटापासून फाशांच्या खेळापर्यंत

बोलगार्ड-२ बियाण्यावरून मोन्सँटो आणि नुजिवीडू यांच्यात पाच वर्षे भांडण चालले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर खेळायच्या खेळाच्या लायसन्सवरून २०२३ मध्ये अमेरिकेत भडका उडाला. या दोन्ही प्रकरणांचा धागा एकच आहे, आणि त्याचे एक टोक अकोट तालुक्यात आहे.

दरवर्षी मे अखेरीस अकोट, तेल्हारा, दर्यापूर, अंजनगाव सुर्जीच्या कृषी केंद्रांवर कपाशीच्या ठरावीक वाणासाठी गर्दी होते. ४७५ ग्रॅमच्या पाकिटावर कंपनीचे नाव, वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती आणि कमाल किंमत छापलेली असते. २०२५ च्या खरिपासाठी केंद्र सरकारने बीजी-२ पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरवली होती. २०२० मध्ये हेच पाकीट ७३० रुपयांना होते.

गंमत अशी, की या पाकिटातल्या बोंडअळीविरोधी जनुकापोटी तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीला जाणारी सरकारमान्य रक्कम २०२० पासून शून्य आहे. त्या जनुकाचे पेटंटही २०१९ मध्येच संपले. मग पाकीट स्वस्त का झाले नाही? त्यासाठी आधी लायसन्स नावाचा कागद समजून घ्यावा लागतो. हा कागद दोन कंपन्यांमध्ये होतो. कास्तकाराला तो कुणी दाखवत नाही, त्याची त्यावर सहीही नसते. पण त्यातल्या प्रत्येक ओळीचे पैसे शेवटी तोच मोजतो.

बीटीचे लायसन्स कुणी कुणाला दिले?

जालन्याची महिको ही बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली बियाणे कंपनी. १९९८ मध्ये अमेरिकेच्या मोन्सँटोने तिच्यात २६ टक्के हिस्सा घेतला आणि दोघांनी मिळून महिको मोन्सँटो बायोटेक ही भागीदारी कंपनी काढली. मार्च २००२ मध्ये केंद्राने देशातल्या पहिल्या तीन बीटी संकरित वाणांना मंजुरी दिली. २००६ मध्ये दोन जनुके असलेले बोलगार्ड-२ आले.

या भागीदारी कंपनीचा खरा धंदा होता तो जनुक इतर कंपन्यांना वापरायला देण्याचा. चाळीसहून अधिक भारतीय बियाणे कंपन्यांनी तिच्याशी करार केले. हैदराबादच्या नुजिवीडू सीड्सचा करार २००४ चा. सुरुवातीला ५० लाख रुपये एकरकमी, आणि पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पाकिटामागे ‘ट्रेट व्हॅल्यू’, म्हणजे जनुकाचे भाडे. बदल्यात कंपनीला जनुक असलेले थोडे मूळ बियाणे मिळे. ते आपल्या वाणांशी पिढ्यान् पिढ्या संकर करत तिने स्वतःचे बीटी वाण तयार करायचे.

मोबाइलच्या भाषेत सांगायचे तर ॲप तुमचे, पण आत चालणारे इंजिन दुसऱ्याचे. प्रत्येक डाउनलोडमागे इंजिनवाल्याला पैसे.

यातली एक बाब कायम दुर्लक्षित राहिली. पहिल्या बोलगार्डच्या जनुकावर मोन्सँटोचे भारतात पेटंटच नव्हते. तरीही कंपन्या भाडे भरत होत्या, कारण जनुक असलेले बियाणे आणि जैवसुरक्षेच्या चाचण्यांची सरकारी मंजुरी या दोन्ही गोष्टी त्यांच्याच हातात होत्या. पेटंट नसतानाही लायसन्स किती ताकदवान असू शकते, हे त्यातून दिसते.

भांडण कशावरून पेटले?

अर्थातच पैशांवरून. सुरुवातीच्या वर्षांत ४५० ग्रॅमच्या पाकिटामागे सुमारे १२५० रुपये फक्त जनुकाचे जात. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार त्या वेळच्या मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेले आणि पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आणली गेली. इतर राज्येही त्या वाटेने गेली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याची किंमत ठरवण्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

इथे बियाणे कंपन्यांची अडचण झाली. पाकिटाची किंमत सरकार ठरवणार, पण जनुकाचे भाडे करारात लिहिलेले तेच राहणार. वरून दाब, खालून दाब. भाडे सरकारी दराप्रमाणे कमी करा, अशी मागणी नुजिवीडूने केली. ती मान्य झाली नाही. थकीत रकमेवरून वाद वाढत गेला आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी महिको मोन्सँटोने नुजिवीडू आणि तिच्या दोन उपकंपन्यांचे लायसन्स रद्द केले. ज्या कंपनीच्या बहुतेक कपाशी वाणांमध्ये ते जनुक होते, तिच्यासाठी ही दुकान बंद करण्याची नोटीसच होती.

पुढच्याच महिन्यात केंद्राने जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला. मार्च २०१६ मध्ये बीजी-२ पाकीट देशभर ८०० रुपये आणि जनुकाचे भाडे ४९ रुपये ठरले. त्याआधी ते १६३ रुपयांच्या आसपास होते. पुढे २०१८ मध्ये ३९, २०१९ मध्ये २० आणि २०२० मध्ये शून्य.

खेळाच्या दुनियेतला हाच वाद

‘स्ट्रेंजर थिंग्स’ ही मालिका पाहिलेल्यांना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ओळखीचे असेल. चार-सहा मित्र टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात आणि तलवार लागली की हुकली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९७४ पासूनचा हा खेळ आज विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे आहे आणि ती कंपनी हॅसब्रोची, म्हणजे मोनोपॉली विकणाऱ्यांची.

२००० मध्ये या कंपनीने एक धाडसी गोष्ट केली. खेळाचे मूळ नियम ‘ओपन गेम लायसन्स’खाली कुणालाही वापरायला दिले. भाडे नाही, परवानगी नाही. तुम्ही तुमची साहसकथा, तुमचे राक्षस, तुमचे नकाशे छापा आणि विका. हिशेब सरळ होता : इतरांची पुस्तके जितकी खपतील, तितके मूळ नियमांचे पुस्तकही खपेल. त्यावर शेकडो छोटे प्रकाशक उभे राहिले. पायझो नावाच्या कंपनीने तर २००९ मध्ये त्याच नियमांवर ‘पाथफाइंडर’ हा प्रतिस्पर्धी खेळ काढला.

जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात नव्या लायसन्सचा मसुदा फुटला. जुने लायसन्स ‘अधिकृत’ राहणार नाही, वर्षाला साडेसात लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या प्रकाशकाने त्यावरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी द्यायची, ५० हजार डॉलरच्या वर कमावणाऱ्याने हिशेब कळवायचा, आणि तुम्ही लिहिलेले साहित्य वापरण्याचा हक्क मूळ कंपनीलाही राहील, अशा अटी त्यात होत्या.

सगळा पेच दोन शब्दांचा होता. जुन्या लायसन्समध्ये ते ‘कायमस्वरूपी’ असल्याचे लिहिले होते. ते ‘मागे घेता येणार नाही’ असे मात्र लिहिले नव्हते. शिवाय लायसन्सची कोणतीही ‘अधिकृत’ आवृत्ती वापरा, असे एक कलम होते. कंपनीने त्याच कलमाचे बोट धरले : जुनी आवृत्ती आम्ही अधिकृत मानत नाही, मग ती वापरणार कशी? याच कंपनीने पूर्वी आपल्या माहितीपत्रकात नेमके उलटे लिहिले होते, की नवी अट पटली नाही तर जुनी आवृत्ती वापरत राहा. वीस वर्षे ज्या कागदावर लोकांनी घरे चालवली, त्यातले एक विशेषण कमी पडले.

पायझोने आठवडाभरात स्वतंत्र, कुणाच्याच मालकीचे नसलेले लायसन्स आणण्याची घोषणा केली. खेळाडूंनी कंपनीची ऑनलाइन सदस्यत्वे रद्द करायला सुरुवात केली. कंपनीने सुधारित मसुदा काढून लोकांची मते मागवली, तेव्हा १५ हजारांहून अधिक उत्तरे आली आणि बहुसंख्य विरोधात होती. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुने लायसन्स तसेच ठेवले आणि मूळ नियमांची संहिता क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुली केली. ही परवानगी आता कंपनीला हवी असली तरी परत घेता येणार नाही. फुटलेल्या मसुद्यापासून माघारीपर्यंत चार आठवडेही लागले नाहीत.

मुळात नियमांवर मालकी असते का?

हा प्रश्न भारतीय न्यायालयातही येऊन गेला आहे. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी फेसबुकवर ‘स्क्रॅब्युलस’ हा शब्दखेळ लोकप्रिय केला. अमेरिका आणि कॅनडाबाहेर स्क्रॅबलचे हक्क असलेली मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २००८ मध्ये न्या. एस. रवींद्र भट यांनी निकाल दिला, की स्क्रॅबलशी मिळतेजुळते नाव वापरता येणार नाही, पण खेळाचे नियम आणि पट यांवर कॉपीराइटचा दावा टिकत नाही. खेळ कसा खेळायचा ही कल्पना आहे आणि कल्पनेवर कॉपीराइट नसतो.

दहा वर्षांनी, एप्रिल २०१८ मध्ये, मोन्सँटो-नुजिवीडू वाद दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे आला, तेव्हा त्या खंडपीठात न्या. भट होतेच. प्रश्न वेगळा, कायदाही वेगळा, पण गाभा तसाच : जनुकाची रचना प्रयोगशाळेत घडवली हे खरे, पण ते एकदा कपाशीत शिरून बियाण्यातून पुढच्या पिढीत जाऊ लागले की त्यावर पेटंट राहते का? भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) नुसार वनस्पती, बियाणे आणि वाण यांना पेटंट मिळत नाही. खंडपीठाने त्या आधारे मोन्सँटोचे पेटंटच अवैध ठरवले.

त्याआधी मार्च २०१७ मध्ये एकल न्यायाधीशांनी मधला मार्ग काढला होता. लायसन्स रद्द करणे बेकायदा, करार चालू राहील, मात्र भाडे सरकारी दराने. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निकाल बाजूला ठेवला. इतका तांत्रिक प्रश्न साक्षीपुराव्याशिवाय निकाली काढता येत नाही, असे सांगत प्रकरण परत एकल न्यायाधीशांकडे पाठवले. दरम्यान २०१८ मध्ये बायरने मोन्सँटो ६३ अब्ज डॉलरला विकत घेतली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये पेटंटची मुदतच संपली. मार्च २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली, तिच्या अटी जाहीर झाल्या नाहीत. ‘जनुक असलेल्या बियाण्यावर पेटंट लागू होते का’ या प्रश्नाचे ठाम उत्तर त्यामुळे आजही मिळालेले नाही.

आणि ज्या हत्यारासाठी ही लढाई चालली होती, त्याची धार तोवर गेली होती. गुलाबी बोंडअळी बीजी-२ लाही जुमानत नसल्याचे शास्त्रज्ञ २०१५ च्या सुमारास सांगू लागले होते. २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या कास्तकाराने ते आपल्या बोंडात पाहिले.

कपाशीत ‘खुले लायसन्स’ का आले नाही?

दोनदा प्रयत्न झाला. पहिला सरकारी शास्त्रज्ञांचा. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांच्या सहभागातून ‘बिकानेरी नरमा’ या सरळ वाणात बीटी जनुक बसवले गेले. सरळ वाण असल्याने घरची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरता आली असती. खेळाच्या भाषेत, एकदा पुस्तक घ्या आणि आयुष्यभर खेळा. २००९ मध्ये ते शेतात पोहोचले आणि त्याच वर्षी थांबवावे लागले, कारण त्यात मोन्सँटोचेच जनुक आढळले. सोपोरी समितीने पुढे त्यावर शिक्कामोर्तब केले. सरकारी संशोधनाची ही नामुष्की होतीच. शेतकऱ्याच्या हातचा एक पर्याय गेला, हे नुकसान अधिक मोठे.

दुसरा प्रयत्न कागदावरचा. मे २०१६ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून जनुकाच्या लायसन्सचा एक ठरीव नमुनाच जाहीर केला. पात्र कंपनीने मागितले की लायसन्स द्यावेच लागेल आणि नव्या तंत्रज्ञानाला सुरुवातीची पाच वर्षे पाकिटाच्या कमाल किमतीच्या १० टक्क्यांपर्यंतच भाडे. तंत्रज्ञान कंपन्यांनी गदारोळ केला. काही दिवसांतच अधिसूचना मागे घेऊन तिचा ‘सूचनांसाठी मसुदा’ करण्यात आला. खेळाडूंनी कंपनीला माघार घ्यायला लावली. इथे माघार सरकारने घेतली.

त्याची किंमतही चुकवावी लागली. तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या पिढीच्या कपाशीचा मंजुरीसाठीचा अर्ज महिको-मोन्सँटोने त्याच वर्षी, सरकारच्या याच धोरणाकडे बोट दाखवत, काढून घेतला.

आणि मग ‘चोर बीटी’

अर्ज मागे गेला, बियाणे मात्र शिवारात आले. तणनाशक सहन करणारी ही एचटीबीटी कपाशी वऱ्हाडात ‘चोर बीटी’ म्हणूनच ओळखली जाते. पावसाची झड लागली की डवरणी होत नाही, निंदणीला मजूर मिळत नाही आणि तण कपाशीच्या वर जाते. अशा वेळी एका फवारणीत रान मोकळे होत असेल, तर कास्तकार मंजुरीच्या फायलीची वाट पाहत नाही.

१० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर येथे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी जाहीरपणे हे बियाणे पेरले. सविनय कायदेभंग म्हणून, माध्यमांना बोलावून. मागणी तंत्रज्ञान निवडण्याच्या स्वातंत्र्याची होती. नंतर गुन्हे दाखल झाले. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली त्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद होती.

आंदोलनाचे राजकारण बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. लायसन्सचे भांडण सुटत नाही तेव्हा बाजार थांबत नाही, तो खाली सरकतो. फरक एवढाच, की खेळाच्या पुस्तकाची चोरटी पीडीएफ उतरवली तर फार तर छपाई धूसर निघते. चोर बीटीच्या पाकिटाला बिल नसते, लॉट नंबर खरा असेलच असे नाही. उगवले नाही किंवा आत भलतेच वाण निघाले, तर राज्याच्या २००९ च्या कायद्याखाली तक्रार करायला हातात कागद राहत नाही. जोखीम सगळी एकट्या कास्तकाराची.

मग पाकीट स्वस्त का होत नाही?

पेटंट संपले, भाडे शून्य झाले, तरी दुसरे कुलूप शाबूत आहे. आपल्याकडची जवळजवळ सगळी बीटी कपाशी संकरित आहे. संकरित वाणाची सरकी राखून पेरली तर झाडे सारखी येत नाहीत, उत्पादन घसरते. त्यामुळे दरवर्षी नवे पाकीट आलेच. त्या वाणाचे नर आणि मादी पालक कंपनीकडेच असतात आणि ते बाहेर जात नाहीत. हे कुलूप कोणत्याही करारात लिहिलेले नाही, ते झाडातच आहे. म्हणून त्याला मुदतही नाही. त्यात कपाशीचे संकरित बियाणे हाताने फुले खुडून, परागण करून तयार करावे लागते. मजुरी वाढली की पाकीट वाढते, हा कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण जनुकाच्या भाड्यातून वाचलेला पैसा शेतकऱ्यापर्यंत का पोहोचला नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

खेळाच्या प्रकाशकांना हे दुसरे कुलूप नव्हते. नियम खुले झाले त्या दिवशी कुणीही पुस्तक छापायला मोकळा झाला. कपाशीत तशी मोकळीक हवी असेल तर ती सरळ वाणांतूनच येऊ शकते. त्याची सुरुवात जवळच झाली आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ‘रजत’ आणि ‘पीकेव्ही ०८१’ या सरळ वाणांमध्ये नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेने पहिल्या बोलगार्डचे, म्हणजे भारतात कधीच पेटंट नसलेले, जनुक बसवले. गुलाबी बोंडअळीवर त्याचा उपाय नाही, पण त्याची सरकी घरी राखता येते आणि शेजाऱ्याला देताही येते. २००१ चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा ही मुभा देतो. अट एकच, ती नामांकित बियाणे म्हणून पाकिटात भरून विकायची नाही.

अडचण आहे ती उपलब्धतेची. अकोल्यात मुख्यालय असलेल्या महाबीजचे सोयाबीन आणि हरभऱ्याचे बियाणे वऱ्हाडात घरोघरी पोहोचलेले आहे. कपाशीच्या बाजारात मात्र खासगी कंपन्यांचाच वरचष्मा आहे. ज्या वाणाची सरकी दरवर्षी विकत घ्यावी लागत नाही, ते विकण्यात कंपनीला रस नसतो आणि कृषी केंद्रालाही त्यात फारसे कमिशन सुटत नाही. म्हणून सरळ बीटी वाण पेरायचे असेल, तर त्याची चौकशी मे महिन्यात दुकानावर करून उपयोग नाही. ती हंगामाच्या बऱ्याच आधी विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रातच करावी लागते.